इंजेक्शन देण्यात आले

माझी पाठ धरली म्हणून तीन आठवडे मला वॉर्डात उभं राहायची मनाई होती. तेवढ्यात जुन्या फायली कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं आणि ते माझ्याकडे आलं. मुलांच्या मानसोपचार वॉर्डातल्या फायली. त्या वॉर्डात नर्स म्हणून तेव्हा माझी नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे त्यातला बराच मजकूर माझ्याच अक्षरातला होता.

रात्रीची एखादी नोंद साधारण अशी असायची : "मुलाने झोपण्यास नकार दिला. समजावूनही ऐकले नाही. खुर्ची फेकली. समज देण्यात आली. इंजेक्शन देण्यात आले. खोलीत ठेवण्यात आले. नंतर शांत."

पहिले तीन-चार दिवस मी हे यंत्रासारखं टाइप करत गेले. मग एका दुपारी मध्येच हात थांबला. शाळेत कर्ता ओळखायची एक युक्ती शिकवायचे : वाक्याला "कोणी?" असा प्रश्न विचारायचा. नकार कोणी दिला? मुलाने. ऐकलं कोणी नाही? मुलाने. खुर्ची कोणी फेकली? मुलाने. इंजेक्शन कोणी दिलं? उत्तर नाही. खोलीत कोणी ठेवलं? उत्तर नाही. सात वाक्यांच्या त्या नोंदीत करणारा एकटा मुलगाच होता. आम्ही तिघं मोठी माणसं त्या रात्री तिथं होतो, आणि कागदावर आम्ही कुठेच नव्हतो.

नंतर मी प्रत्येक फाइल तशीच वाचायला लागले. खोटं कोणी लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक वाक्य खरं होतं. पण जे जे मुलाच्या अंगावर ढकलता येईल त्याला कर्ता होता, आणि जे जे आम्ही केलं ते जणू पावसासारखं आपोआप पडलं होतं.

हे लिहिताना मुलांचे तपशील मी बदलले आहेत, काही ठिकाणी दोन मुलांचं एक केलं आहे. माझे स्वतःचे शब्द मात्र बदललेले नाहीत. ते जसे लिहिले होते तसेच देते.

एक मुलगा होता, बारा वर्षांचा. दाखल झाला तेव्हा त्याला आवाज ऐकू येत होते आणि तो भेदरलेला होता. औषध सुरू झालं, आवाज कमी झाले, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून तो चालायला लागला. वॉर्डाच्या पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत. जेवायला बसवलं तर दोन मिनिटांत उठायचा. रात्री पलंगावर पडला की पाय हलवायचा, उठायचा, पुन्हा पॅसेज. रात्री दर पंधरा मिनिटांनी टॉर्च घेऊन प्रत्येक पलंग बघायचा असतो, आणि हा पलंगावर कधी सापडायचाच नाही. आमच्याकडे भिंतीवर स्टारचा तक्ता होता. नियम पाळला की स्टार, मोडला की काढून घ्यायचा. स्टारवर फोनचा वेळ, बाहेरच्या मैदानात जाणं, आईवडिलांची जास्तीची भेट असं सगळं ठरायचं. चार दिवसांत त्याचे सगळे स्टार गेले.

माझी त्या आठवड्यातली नोंद : "सूचना पाळत नाही. मुद्दाम फिरत राहतो. इतर मुलांची झोपमोड करतो. दोनदा ताकीद देण्यात आली." दुसऱ्या रात्री तो जास्तच अस्वस्थ झाला, दाराला लाथा मारायला लागला, म्हणून त्याला इंजेक्शन देण्यात आलं. म्हणजे मी दिलं. हॅलोपेरिडॉल. तो आधीपासून ज्या प्रकारचं औषध घेत होता, त्याच प्रकारचं.

तिसऱ्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टर बदलीवर आली. ती त्याच्याबरोबर पॅसेजमध्ये चालायला लागली. नुसती चालत राहिली आणि पाचेक फेऱ्यांनंतर म्हणाली, "बसलास की काय होतं रे?" तो म्हणाला, "मी चालत नाहीये. पाय चालतायत. मी थांबवलं तर आत कोणीतरी ओरबाडतं."

याला अकॅथिसिया म्हणतात. हाश्कोवेत्स नावाच्या चेक डॉक्टरने 1901 मध्ये हा शब्द काढला, ग्रीकमधून; अर्थ सरळ आहे, बसता न येणं. मनोविकारावरच्या कित्येक औषधांचा, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्यांचा, हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. नर्सिंगच्या पुस्तकात तो असतो. परीक्षेत मी त्याच्यावर टीप लिहिली होती. आणि तरी समोर बारा वर्षांचा मुलगा येरझारा घालताना मला त्यात फक्त बेशिस्त दिसली, कारण तो मुलगा होता आणि मी नियम सांगणारी होते. आम्ही दिलेल्या औषधाने त्याला बसता येत नव्हतं, बसत नाही म्हणून आम्ही त्याचे स्टार काढले, स्टार गेल्याने आईची जास्तीची भेट गेली, आणि तो चिडला म्हणून त्याला तेच औषध आणखी दिलं. ही साखळी मी फाइलमध्ये पानापानाने पाहिली. तारखा एकाखाली एक होत्या.

डोस कमी केला. काही दिवसांनी तो झोपला. पण फाइलमधलं "मुद्दाम" तसंच राहिलं. त्याला कोणी जाऊन सांगितलं का, की बाळा, तुझी चूक नव्हती, ते औषधामुळे होत होतं, आणि ते आम्हाला कळायला हवं होतं? मी नाही सांगितलं. तक्त्यावर त्याचे स्टार परत लावले की नाही तेही मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचाच मला जास्त त्रास होतो.

लोकांना वाटतं, अशा वॉर्डातली सत्ता म्हणजे कुलूप आणि बांधून ठेवणं. ते असतंच. अमेरिकेतल्या हार्टफर्ड कुरंट या वृत्तपत्राने 1998 मध्ये एक मालिका छापली होती. बांधून किंवा कोंडून ठेवल्यामुळे आधीच्या दहा वर्षांत झालेले 142 मृत्यू त्यांनी शोधून काढले, आणि त्यातली पावहिश्श्याहून जास्त मुलं होती. त्यानंतरच तिथे नियम कडक झाले. बांधण्याचा एक आदेश प्रौढांसाठी चार तास, नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दोन तास, नऊच्या खालच्या मुलासाठी एक तास. मी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा "एक तास" या शब्दांपाशी बराच वेळ बसले होते. आठ वर्षांच्या मुलाचा एक तास. तो केवढा असतो हे मोजायला आमच्याकडे घड्याळ नाही.

पण रोजची सत्ता याहून बारीक असते. बुटाची नाडी आपल्याकडे ठेवायची की नाही. बाथरूमचं दार किती उघडं ठेवायचं. आज आईला फोन करता येईल का. ज्या मुलाला हे सगळं विचारून करावं लागतं, त्याचं रागावणंसुद्धा परवानगीचा विषय होतं. आणि दाखल होतानाचा कागद बघा : बहुतेक ठिकाणी लहान मुलासाठी सही पालक करतात, आणि पुष्कळदा त्याला "स्वेच्छेने दाखल" असंच म्हणतात. इथंही तोच शाळेतला प्रश्न. स्वेच्छा कोणाची?

आता त्या मुलीबद्दल, जिच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले.

ती चौदा वर्षांची होती आणि स्वतःला इजा करून घ्यायची. तिच्या फाइलवर पहिल्या पानापासून "अटेन्शन सीकिंग", म्हणजे लक्ष वेधण्यासाठी करते, असं होतं, आधीच्या दवाखान्याच्या पत्रातूनच आलेलं. ते दोन शब्द एकदा आले की पुढचा प्रत्येक जण ते उतरवून घेतो. मीही घेतले. टीमने ठरवलं की अशा वागण्याकडे लक्ष द्यायचं नाही, म्हणजे ते आपोआप कमी होईल. याला वॉर्डात "प्लॅन्ड इग्नोरिंग" म्हणायचे. राउंडला छान वाटतं ऐकायला.

एका रात्री दोनच्या सुमारास ती नर्सिंग स्टेशनच्या काचेपाशी आली. टकटक केलं. म्हणाली, "सिस्टर, दहा मिनिटं बोलाल का?" आम्ही दोघी होतो अठरा मुलांना, आणि एका मुलाला ताप होता. मी म्हणाले, "आता झोप, सकाळी डॉक्टरांना सांग." ती गेली. वीस मिनिटांत पुन्हा आली. यावेळी माझी सहकारी म्हणाली, "दोनदा सांगायचं नाही हं." ती गेली. पाऊण तासाने तिने स्वतःला इजा करून घेतली.

मग काय झालं? मग चार माणसं धावली. ड्यूटीवरचे डॉक्टर आले. जखम साफ करताना मी तिच्या पलंगावर बसून अर्धा तास तिच्याशी बोलले. जे दहा मिनिटं तिने दोनदा मागितलं होतं ते तिला तिपटीने मिळालं, फक्त त्याची किंमत आम्ही ठरवली होती. आणि सकाळी पाळी बदलतानाच्या हँडओव्हरला मी वाचून दाखवलं : "लक्ष वेधून घेण्यासाठी स्वतःस इजा केली. घरची सुट्टी रद्द करण्यात आली."

ती दोनदा काचेपाशी आली होती हे मी लिहिलंच नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. ती घटना आहे असं मला वाटलंच नाही. काचेवर टकटक होणं ही वॉर्डात घटना नसते.

शनिवारची सुट्टी रद्द झाल्याचं मीच तिला सांगायला गेले. ती रडली नाही. म्हणाली, "मागितलं तर तुम्ही देत नाही. आणि घेतलं तर मी चोर." चौदा वर्षांच्या मुलीने वॉर्डाची सगळी व्यवस्था दोन वाक्यांत सांगितली होती. मी त्याचं काय केलं असेल? लिहिलं : "उलट उत्तरे देते."

लक्ष हवं असणं हा लहान मुलाचा दोष कसा होऊ शकतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. लक्ष देणं याचाच तर आम्हाला पगार होता. ताप आलेलं मूल पाणी मागतं तेव्हा आपण "वॉटर सीकिंग" असं लिहीत नाही.

याच वॉर्डासारख्या एका वॉर्डातून गेलेल्या एका बाईंनी पुढे या क्षेत्राला मोठा धक्का दिला. मार्शा लाइनहान. 1961 मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्यांना अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. त्या तिथे सव्वीस महिने होत्या. त्यातला बराच काळ एकांत खोलीत. डिस्चार्जच्या कागदावर त्यांची नोंद रुग्णालयातल्या सर्वांत जास्त बिघडलेल्या रुग्णांपैकी एक अशी होती. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि स्वतःला इजा करणाऱ्या, सतत मरावंसं वाटणाऱ्या लोकांसाठी त्यांनी एक उपचारपद्धती घडवली, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, जी आज जगभर वापरतात. आपण स्वतः तशा रुग्ण होतो हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं 2011 मध्ये, त्याच रुग्णालयात जाऊन. म्हणजे पन्नास वर्षांनी. एवढं नाव, एवढं काम, आणि तरीही पन्नास वर्षं.

त्यांच्या पद्धतीत थेरपिस्टने सुरुवातीलाच काही गोष्टी गृहीत धरायच्या असतात. त्यातली एक अशी की रुग्ण आत्ता त्याला जमेल तेवढं सगळं करतोच आहे. दुसरी अशी की थेरपीत रुग्ण नापास होऊ शकत नाही. उपचार लागू पडला नाही तर उपचार कमी पडला, किंवा तो देणारा. हे मी पहिल्यांदा वाचलं आणि मला आमच्या फायलींतलं "उपचारांना प्रतिसाद देत नाही" आठवलं. तिथेही कर्ता मूलच. औषध लागू पडलं नाही याचं काम, दोष, सगळं मुलाच्या नावावर. अॅपेंडिक्सच्या ऑपरेशनचे टाके उसवले तर पोटाने सहकार्य केलं नाही असं कोणी लिहितं का?

नर्सची बाजू मांडायला मला कोणी सांगितलेलं नाही, पण ती मांडल्याशिवाय हे अर्धवट राहील. मला चावलेलं आहे. माझा चष्मा फुटलेला आहे. एका मुलाला मी आणि एका मदतनिसाने घट्ट धरलं नसतं तर तो आज नसता, आणि ते धरणं मी पुन्हा करेन. रात्रीची दोन माणसं आणि अठरा मुलं हा हिशेब आम्ही केलेला नव्हता, तो वरून यायचा. वॉर्डाच्या उतरंडीत आमच्यावर ओरडणारे होते, आणि आमच्या खाली फक्त मुलं होती. ज्याला वर बोलता येत नाही त्याचा आवाज खाली चढतो, हे मी स्वतःच्या तोंडून ऐकलेलं आहे.

टॉम मेन नावाच्या इंग्लंडमधल्या मनोविकारतज्ज्ञाने 1957 मध्ये याबद्दल एक निबंध लिहिला होता. त्यांच्या रुग्णालयातल्या नर्सेस एकत्र बसून एका साध्या प्रश्नावर बोलत होत्या : आपण झोपेचं किंवा शांत करणारं औषध नेमकं कधी देतो? बोलता बोलता त्यांच्या हाती आलेलं उत्तर अवघड होतं. औषध तेव्हा दिलं जायचं जेव्हा नर्सची सहनशक्ती संपलेली असायची. चिंता, चीड, अपराधीपणा, हताशा यातलं काहीतरी तिला पेलेनासं झालेलं असायचं. त्रास सहन होईनासा झालेली एक, आणि औषध घेणारी दुसरीच. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या नर्सेसनी हे स्वतःबद्दल मोकळेपणी सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं. मी कित्येक रात्री आठवून बघितल्या. "मुलगा अनावर झाला" असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे "मला आवरेना" असं वाचून बघितलं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ते जास्त खरं होतं.

आईवडील यातून सुटतात असं नाही. शिकागोमधल्या एका निवासी शाळेचे प्रमुख ब्रूनो बेटलहाइम 1944 पासून 1973 पर्यंत भावनिक त्रास असलेल्या मुलांवर उपचार करत होते. मुलांचं आत्ममग्न होणं, म्हणजे ऑटिझम, आईच्या थंडपणामुळे आहे, असं ते सांगायचे, आणि जगाने ते ऐकलं. 1990 मध्ये ते वारल्यावर त्या शाळेतली मोठी झालेली काही मुलं पुढे आली आणि त्यांनी मारहाण आणि अपमान सांगितले. मुलांना तिथे पाठवणाऱ्या आया इतकी वर्षं स्वतःला दोषी समजत राहिल्या, आणि मुलांना विचारायचं कोणाला सुचलं नाही. दोष एकदा घरावर टाकला की संस्थेच्या आत बघायची गरज उरत नाही. आमच्या भेटीच्या वेळेला मी हे छोट्या रूपात रोज बघायची. आई प्रश्न विचारत नसेल तर "उदासीन", विचारत असेल तर "अतिचिंताग्रस्त". मधली जागा किती अरुंद होती ते त्या बायकांनाच ठाऊक.

आणि मुलं हे सगळं आमच्यापेक्षा लवकर शिकतात. डिस्चार्जच्या मीटिंगला टेबलाभोवती सहा-सात मोठी माणसं, आणि मूल सगळ्यांत शेवटी आत येतं. एकदा त्या मीटिंगच्या आधी पॅसेजच्या कोपऱ्यात सोळा वर्षांची एक मुलगी त्या चौदा वर्षांच्या मुलीची तयारी करून घेत होती. मी चादरी मोजत होते, त्यांना दिसत नव्हते. "रडू नकोस. पण फार हसूही नकोस, हसलीस तर वरवरची म्हणतात. घरी जायचंय असं पहिल्यांदा म्हणायचं नाही. आधी म्हण, मला माझी चूक कळली. मग थांब. त्यांना बोलू दे."

तिने तसंच केलं. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे खुलले. फाइलमध्ये नोंद झाली : "इनसाइट आली आहे." म्हणजे स्वतःच्या आजाराची जाण. तिला खरोखर काय कळलं होतं ते मी चादरी मोजताना ऐकलं होतं. आजारातून बाहेर येणं आणि वॉर्डातून बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली दुसरी आम्ही शिकवली होती.

मी त्या मीटिंगमध्ये बोलले नाही. बोलले असते तर तिचा डिस्चार्ज लांबला असता, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचं बारावं कलम म्हणतं की मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला त्याच्या वयानुसार, समजेनुसार वजन मिळालं पाहिजे. पंचविसावं कलम आमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे : उपचारासाठी कुठे ठेवलेल्या मुलाच्या उपचारांची आणि तिथल्या परिस्थितीची वेळोवेळी तपासणी व्हायला हवी. मुलाची नव्हे, उपचारांची. आमच्या मीटिंगा मुलाची तपासणी करायच्या.

वेगळं करता येतं का? येतं, आणि ते करून बघितलेलं आहे. रॉस ग्रीन या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की मुलाला नीट वागणं जमत असतं तर ते वागलं असतंच. वागत नाही म्हणजे कुठलं तरी कौशल्य कमी पडतंय, तेव्हा मुलाबरोबर बसून अडचण शोधा. येल विद्यापीठाशी जोडलेल्या मुलांच्या मानसोपचार वॉर्डाने सगळ्या स्टाफला ही पद्धत शिकवली. 2008 मध्ये त्यांनी आकडे छापले : धरून किंवा बांधून ठेवण्याचे प्रसंग वर्षाला 263 होते ते 7 वर आले, आणि एकट्याला खोलीत ठेवण्याचे 432 वरून 133 वर. आजारी मुलं येतच होती. बदलली ती मोठी माणसं. आमच्या सुपरवायझरला मी हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडे स्टाफ किती असतो बघ." त्यांचं पूर्ण चूक नव्हतं. पण स्टारचा तक्ता काढायला जास्तीचा स्टाफ लागत नाही, आणि तो काढायला आम्हाला आणखी दीड वर्ष लागलं.

मला जे एकटीला करता येण्यासारखं होतं ते मी पाठ बरी झाल्यावर सुरू केलं. नोंद लिहिताना प्रत्येक वाक्याला "कोणी?" विचारायचं आणि उत्तर नसेल तर ते वाक्य पुन्हा लिहायचं. "ताकीद देण्यात आली" ऐवजी "मी त्याला ओरडले." "समजावले" ऐवजी काय बोलले ते. घटनेच्या आधीचा तासही लिहायचा : कोण काचेपाशी आलं, काय मागितलं, मी काय म्हणाले. सुरुवातीला हात अडायचा. स्वतःच्या अक्षरात "मी" लिहायला भीती वाटायची, कारण उद्या कोणी जाब विचारला तर? मग लक्षात आलं की मुलाला रोज जाब विचारला जातो, आणि त्याच्यासाठी हीच भीती आम्ही इतकी वर्षं सहज लिहीत आलो होतो. दोन सहकाऱ्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. एकीने महिन्याभराने गुपचूप तसंच लिहायला सुरुवात केली.

दुसरं म्हणजे पाळी संपायच्या आधी, मूल जागं असेल आणि ऐकायच्या स्थितीत असेल तर, त्याची नोंद त्याला वाचून दाखवायची.

पहिल्यांदा ज्याला वाचून दाखवली तो नऊ वर्षांचा होता. आदल्या संध्याकाळी त्याने जेवणाचं ताट भिरकावलं होतं, कारण आईचा फोन येणार होता आणि तो आला नव्हता. सकाळी सहा वाजता तो पांघरूण डोक्यावर घेऊन बसला होता, फक्त नाक बाहेर. मी पलंगाच्या कडेला बसून वाचलं. ताट, फोन, आई, सगळं क्रमाने होतं. मला ते चांगलं जमलंय असं वाटत होतं. शेवटचं वाक्य होतं : "मी त्याला बाजूला नेऊन शांत केले."

तो म्हणाला, "असं नाही झालं."

"मग?"

"तुम्ही माझा हात धरला. हा." त्याने पांघरुणातून हात बाहेर काढला. "आणि दुखला."

मी ते वाक्य खोडलं. त्याखाली लिहिलं : "मी त्याचा हात धरून त्याला बाजूला नेले. हात दुखला असे तो सांगतो." मग मनगट बघितलं. लाल नव्हतं. तरी खोडलेलं तसंच ठेवलं, आणि त्याला पुन्हा वाचून दाखवलं.

"दुखला कुठं लिहिलंय?" त्याने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. त्याने स्वतःचं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.